सीओटूवरून आर्गनवर: घरच्या शेडमध्ये ॲल्युमिनियम जोडायचं तर

#१ कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मिरजेजवळ घरामागे १२ बाय १५ फुटांची पत्र्याची शेड आहे. मशीन २०० अँपिअरचं सिंगल फेज मिग (वायर आपोआप पुढे येते आणि तीच वितळून जोड भरते ते), गॅस सीओटू, वायर ०.८ ची. गेट, जाळ्या, ट्रॉलीचे फाळके ही लोखंडाची कामं नीट निघतात. आता ॲल्युमिनियम करायचंय. समोर तीन कामं आहेत:

द्राक्षबागेसाठी घडीची शिडी, ३८ मिमीचा पाइप, जाडी २ मिमी.
छोट्या टेम्पोसाठी ३ मिमी चेकर प्लेटची हत्यारांची पेटी, ९०० बाय ४०० बाय ४००, झाकण वेगळं.
मोटरसायकलच्या इंजिनचं साइड कव्हर, चीर गेलंय.

प्रश्न: आहे त्या मशीनवर जमेल का? की आर्गनचं मशीन, म्हणजे टिग, घ्यावं? दुकानदार ‘थ्री इन वन’ घ्या म्हणतो, त्यात टिगही आहे म्हणे. घरची लाइट सिंगल फेजच आहे.

#२ लेथमास्तर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पैसे तिथेच बुडतात. ‘थ्री इन वन’वर जे टिग लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा डीसी लिफ्ट टिग असतं: न वितळणारी टंगस्टनची कांडी जॉबला टेकवून उचलली की आर्क पेटतो, फिलर म्हणजे भरायची कांडी दुसऱ्या हाताने द्यायची. त्यावर स्टेनलेस होतं, लोखंड होतं. ॲल्युमिनियम होत नाही. ‘टिग’ हा शब्द बघू नका, पाटीवर ‘एसी/डीसी’ शोधा. नसेल तर दुकानदार काहीही सांगो.

कारण असं: ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं आणि त्याच्यावरची ऑक्साइडची साय सुमारे २०५० अंशांना. डीसीवर टंगस्टन निगेटिव्ह ठेवलं की खालचा धातू पाणी होतो, साय मात्र तशीच. सायीखाली दूध उकळतंय अशी गत. दोन्ही कडा वितळतात पण एकमेकींना मिळत नाहीत, आणि मग एकदम सगळं खाली गळतं. टंगस्टन पॉझिटिव्ह केलं तर साय फुटते, पण उष्णतेचा मोठा वाटा टंगस्टनवर येतो आणि त्याचाच गोळा होतो. एसीमध्ये दोन्ही आलटून पालटून चालतं: एका अर्ध्या फेरीत सफाई, दुसऱ्या अर्ध्या फेरीत वितळणं.

मिगमध्ये हा प्रश्न येत नाही. तिथे वायर पॉझिटिव्हच असते, सफाई आपोआप होते, आणि वायर वितळायलाच तर असते.

(हीलियम घेऊन डीसीवरही जाड ॲल्युमिनियम जोडतात. आपल्या शेडचा तो विषय नाही.)

#३ ठिणगी_कराड

आर्गनचा नाद वाईट नाही भावा, पण पेटीसाठी कशाला?

हिशेब करा. तळाच्या चार कडा २.६ मीटर, उभ्या चार १.६ मीटर, म्हणजे ४.२ मीटर शिवण. नवा हात टिगवर मिनिटाला १२ सेंटीमीटर जातो, म्हणजे नुसता आर्क ३५ मिनिटं. मिगवर मिनिटाला ५० सेंटीमीटर सहज, आठ-नऊ मिनिटांत शिवण संपते. शिवाय टिगवर इतका वेळ उष्णता दिली की ३ मिमीचा पत्रा पापडासारखा वळतो.

आहे त्या मशीनला स्पूल गन (वायरचं छोटं रीळ टॉर्चवरच असलेली) लागत असेल तर ती घ्या. लागत नसेल तर साध्या टॉर्चवर हे बदल: लाइनर (केबलमधली वायरची नळी) टेफ्लॉनचा, रोलर यू खाचेचे (व्ही खाच मऊ वायर चेपते), रोलरचा दाब एकदम हलका, कॉन्टॅक्ट टिप (टॉर्चचं टोक, ज्यातून वायर बाहेर येते) ॲल्युमिनियम वायरसाठीची किंवा अर्धा नंबर मोठी, टॉर्चची केबल ३ मीटरच्या वर नको आणि काम करताना ती सरळ पसरलेली. वायर ५३५६ (हा मिश्रधातूचा नंबर), जाडी १.० मिमी. ०.८ ची ॲल्युमिनियम वायर साध्या टॉर्चमधून ढकलणं म्हणजे ओला दोरा सुईत ओवणं. रोलरपाशी गुंतवळ होणारच.

गॅस शुद्ध आर्गन. सीओटू चालत नाही, मिक्स गॅसही नाही. ३ मिमीला साधारण ११० ते १३० अँप, २१ व्होल्टच्या आसपास. टॉर्च पुढे ढकलत न्यायची, ओढायची नाही. ओढली की शिवण काळी कुट्ट. फ्लक्स कोअर वायर वापरत असाल तर पोलॅरिटी उलटी असेल, ती बदला.

#४ लेथमास्तर

पेटीपुरतं ठिणगीशी सहमत. दोनच गोष्टी जोडतो. मिगचा पहिला दोन सेंटीमीटर तुकडा थंड जातो, वर मोती दिसतो पण आत धातू धरलेला नसतो. कडेला एक फालतू तुकडा टाका मारून तिथून सुरुवात करा, नंतर तो कापून टाका. आणि ५३५६ वायरला शिवणीच्या बाजूने थोडी काजळी येतेच, फडक्याने पुसली गेली तर दोष समजू नका.

२ मिमीचा पाइप आणि इंजिनचं कव्हर मात्र मिगचं काम नाही. पाइपला भोक पडेल आणि कव्हरवर नुसता थर चढेल. त्या दोन कामांसाठी आर्गन.

#५ कृष्णाकाठ

बरं. म्हणजे पेटी मिगवर, बाकी आर्गनवर. २०० अँपचं एसी/डीसी मशीन घरच्या लाइटवर चालेल का?

#६ वायरमन_पलूस

चालेल. पण किती अँपवर चालवणार ते महत्त्वाचं. हिशेब मांडतो.

टिगचा आर्क व्होल्टेज = १० + (०.०४ × अँप). १२० अँपला १४.८ व्होल्ट, म्हणजे आर्कवर सुमारे १७८० वॉट. मशीनची कार्यक्षमता ८० टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.७ धरला तर लाइनमधून जवळपास १४ अँप. पूर्ण २०० अँपला १८ व्होल्ट, ३६०० वॉट, आणि लाइनमधून २८ अँप. पॉवर फॅक्टर सुधारलेलं मशीन असेल तर कमी.

म्हणजे १६ अँपच्या सॉकेटवर १२० पर्यंतचं काम निघेल. त्याच्या वर जायचं तर मीटरच्या बोर्डापासून वेगळी लाइन: ३२ अँपचा सी कर्व्ह एमसीबी, तांब्याची ४ चौ. मिमी वायर, ३२ अँपचा औद्योगिक प्लग. २० मीटर अंतरावर २८ अँप ओढले तर ४ चौ. मिमी वायरमध्ये ५ व्होल्ट पडतात. तेच १.५ चौ. मिमीच्या एक्स्टेन्शन बोर्डवर साडेतेरा व्होल्ट. गावात संध्याकाळी आधीच २०० व्होल्ट येतात, त्यात हे गेले की मशीन अंडरव्होल्टेज दाखवून बंद पडतं आणि लोक म्हणतात मशीन खराब. गुंडाळी केलेला एक्स्टेन्शन बोर्ड तर तापून वितळतो. उलगडूनच ठेवा.

वीजबिलावर ‘मंजूर भार’ किती लिहिलाय तेही बघा. एक-दोन किलोवॉट असेल तर आधी वाढवून घ्या.

अर्थिंग खरोखरचं हवं. आर्गनचं मशीन आर्क पेटवायला हाय फ्रिक्वेन्सी सोडतं आणि तिला वाट मिळाली नाही की ती घरातल्या टीव्हीत, गेटच्या रिमोटमध्ये, सीसीटीव्हीत शिरते. अर्थ क्लॅम्प जॉबलाच लावा, टेबलाच्या पायाला नाही. जवळपास कोणाला पेसमेकर असेल तर त्या माणसाला शेडपासून लांब ठेवा.

#७ नवशिक्या_विटा

जनरेटरवर?

#८ वायरमन_पलूस

८ केव्हीए, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असलेला. साधा लहान जनरेटर नको. आर्क सुटल्यावर त्याचा व्होल्टेज उसळतो आणि इन्व्हर्टर मशीनचं कार्ड जातं.

#९ मेणवली

गॅस आणि टॉर्चचं मी लिहिते.

सीओटूचा रेग्युलेटर आर्गनच्या बाटलीला लावू नका. अडॅप्टर मिळाला तरी नको. सीओटू बाटलीत द्रवरूप असतो, २० अंशांना दाब ५७ बारच्या आसपास. आर्गन वायूरूपात भरतात, भरलेल्या बाटलीत १५० बार. आर्गनसाठी फ्लोमीटरवाला वेगळा रेग्युलेटर घ्या, काचेच्या नळीत गोळी तरंगणारा.

७ घनमीटरची मोठी बाटली मिनिटाला ८ लिटरने सुमारे साडेचौदा तास चालते, दीड घनमीटरची छोटी तीन तास. हे फक्त आर्क चालू असतानाचे तास झाले. सरावात लोक दर दोन इंचांना थांबतात आणि प्रत्येक वेळी पोस्ट फ्लो (आर्क विझल्यावरचा गॅस) वाहतो, तेव्हा यातले निम्मेच धरा. शिकायला छोटी बाटली घेतली तर आठवड्यात दोनदा भरायला न्यावी लागते, एवढं लक्षात ठेवून ठरवा. बाटली भिंतीला साखळीने बांधलेली हवी. आर्गन हवेपेक्षा जड, खड्ड्यात किंवा बंद टाकीत साचतो आणि त्याला वास नसतो.

टॉर्च: एसी/डीसी मशीनसोबत बहुधा १७ नंबरची नाहीतर २६ नंबरची येते, दोन्ही हवेवर थंड होणाऱ्या. १७ नंबर एसीवर १२५ अँपच्या वर हातात धरवत नाही. २६ नंबर दीडशेपर्यंत जाते. कव्हरच्या कामाला २६ हवी.

नोझल ७ किंवा ८ नंबर. नंबर म्हणजे इंचाचे सोळांश, ७ नंबरचं आतलं तोंड ११ मिमी. गॅस लेन्स (गॅस सरळ धारेत सोडणारी जाळी) घेतली तर टंगस्टन जरा जास्त बाहेर काढता येतं, शिडीच्या पायरीच्या कोपऱ्यात तेच उपयोगी पडतं. प्रवाह ७ ते ९ लिटर. काळं आलं म्हणून लोक १५ करतात, मग गॅस भोवरा करून बाहेरची हवाच आत ओढतो आणि आणखी काळं येतं.

टंगस्टन: दुकानात नुसतं ‘टंगस्टन द्या’ म्हटलं तर बहुधा लाल टोकाचं हातात पडतं. त्यात थोरियम असतं, स्टेनलेसवाले ते वापरतात. एसीवर त्याचं टोक फुटतं, आणि घासताना उडणारी धूळ किरणोत्सारी. हिरवं म्हणजे शुद्ध टंगस्टन, जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनसाठी. इन्व्हर्टर मशीनला निळं घ्या, २ टक्के लँथॅनम. सोनेरी म्हणजे दीड टक्का, तेही चालतं. २ मिमी पाइपला १.६ जाडीचं, ३ मिमी आणि वर २.४.

#१० ठिणगी_कराड

जुने कारागीर टोकाला आधी गोळी करून घ्यायला सांगतात. डीसी पॉझिटिव्हवर तांब्याच्या तुकड्यावर आर्क काढायचा, की झाली गोळी.

#११ मेणवली

ट्रान्सफॉर्मर मशीनवर ते बरोबर होतं, दादा. इन्व्हर्टरवर पेन्सिलसारखी धार काढा, मग अगदी टोक अर्धा मिमी सपाट करा. आर्क सुरू झाला की टोकाला आपोआप लहानसा घुमट येतो. तो टंगस्टनच्या जाडीपेक्षा मोठा व्हायला लागला तर समजा पॉझिटिव्हचा वाटा जास्त झालाय. धार काढताना ओरखडे टोकाच्या दिशेने लांबीत हवेत, आडवे नको. आणि त्या चाकावर लोखंड घासायचं नाही.

#१२ लेथमास्तर

सेटिंग. ठोकळ नियम: दर मिलिमीटर जाडीला ४० अँप. २ मिमी पाइप ७० ते ८०, ३ मिमी १२०, ४-५ मिमी ओतकामाचं कव्हर १४० ते १६०, तेही आधी गरम करून. फ्रिक्वेन्सी पाइपला १०० ते १२० हर्ट्झ, आर्क बारीक राहतो आणि कोपऱ्यात भटकत नाही. कव्हरला ७० ते ८०.

बॅलन्स, म्हणजे एसीच्या फेरीत कोणाचा वाटा किती, ७० टक्के निगेटिव्ह. इथे एक फसगत आहे. काही मशीनवर हा आकडा निगेटिव्हचा असतो, काहींवर ‘क्लीनिंग’चा. दुसऱ्या प्रकारात तेच सेटिंग ३० होतं. माहितीपुस्तक नसेल तर बटण दोन्ही टोकांना फिरवून भंगार तुकड्यावर बघा. ज्या बाजूला शिवणीभोवती पांढरा पट्टा रुंद होतो आणि टंगस्टनचा गोळा होतो, ती सफाईची बाजू. पांढरा पट्टा शिवणीच्या दोन्ही अंगांना दोन-तीन मिमी पुरे.

प्री फ्लो अर्धा सेकंद. पोस्ट फ्लो दर १० अँपला १ सेकंद, म्हणजे ८० अँपला ८ सेकंद. शेवटी करंट उतरायला २ ते ३ सेकंद द्या, नाहीतर शेवटच्या खळग्यात ताऱ्यासारखी चीर पडते.

पायाचं पेडल घ्याच. टॉर्चच्या बटणावरही काम होतं, पण ॲल्युमिनियम दोन इंच पुढे जाईपर्यंत सगळा जॉब तापवतं. ७५ वर सुरू केलेली शिवण शेवटी ६० मागते. पेडलने ते पाय सैल करून होतं.

#१३ ठिणगी_कराड

पेडल टेबलावरच्या कामाला. शिडीच्या भोवती फिरत, गुडघ्यावर बसून काम करताना पेडल कुठं ठेवणार? तिथे फोर टी (बटण दाबून सोडलं तरी आर्क चालू, परत दाबून सोडलं की बंद) आणि पल्स (करंट ठेक्यात कमी-जास्त). पेडलशिवायही शिका.

#१४ लेथमास्तर

मान्य. पण आधी पेडल.

#१५ मेणवली

आता हात. मिगवरून येणाऱ्याला ॲल्युमिनियमपेक्षा स्वतःच्या सवयी जास्त नडतात. मिगचा घोडा दाबला की उष्णता आणि धातू एकदम येतात. इथे दोन्ही वेगळ्या हातात आहेत. उजव्या हातात उष्णता, डाव्या हातात फिलर, आणि आधी उष्णता. मिगवाला आर्क पेटला की लगेच पुढे निघतो. इथे थांबायचं.

थांबून काय बघायचं ते नीट सांगते, कारण लोखंडासारखा लाल रंग ॲल्युमिनियमला येत नाही. आर्कखालचा भाग आधी राखाडी, मंद. मग त्यावर बारीक पांढरट खरखर उठते, ती सफाई चालू असल्याची खूण. मग दोन-तीन सेकंदांत तो ठिपका एकदम आरशासारखा चमकतो आणि त्याच्या कडा गोल होतात. हे डबकं. ते चमकेपर्यंत फिलर लावायचा नाही. आधी लावला तर फिलर आर्कमध्येच गोळा होऊन टंगस्टनवर उडी मारतो.

आर्कची लांबी टंगस्टनच्या जाडीइतकी, दोन मिमी. टॉर्च उभ्यापासून १० ते १५ अंश कललेली, जाण्याच्या दिशेने ढकलती. फिलर समोरून, जवळजवळ आडवा, डबक्याच्या पुढच्या काठाला टेकवायचा आणि मागे घ्यायचा. मागे म्हणजे एक सेंटीमीटर. गॅसच्या छत्रीबाहेर गेला की त्याच्या तापलेल्या टोकावर साय धरते आणि पुढच्या टेकणीला तीच साय शिवणीत जाते. टेकव, सरक, टेकव, सरक. शेवटी खळग्यात एक थेंब जास्त घाला, पाय हळू सोडा आणि पोस्ट फ्लो संपेपर्यंत टॉर्च तिथेच धरा. मिगवाले इथेच टॉर्च झटकन उचलतात.

सराव ३ मिमी जाडीच्या ५० बाय १५० च्या पट्ट्यांवर. पहिल्या दहा पट्ट्या फिलरशिवाय, नुसतं डबकं सरळ रेषेत चालवा. पुढच्या वीस फिलर घालून. मग बाहेरचा कोपरा, मग टी जोड. पाइप सगळ्यात शेवटी. फिलर एक मीटरचा येतो तो मधून कापून अर्धा घ्या, लांब दांडा हातात थरथरतो.

सफाईचा क्रमही ठरलेला आहे. आधी ॲसिटोनने पुसा, मग स्टेनलेसचा ब्रश मारा. उलट केलं तर ब्रशने तेल धातूत चोळलं जातं. ब्रश फक्त ॲल्युमिनियमसाठी, त्यावर खडूने लिहून ठेवा. फिलरही ॲसिटोनच्या फडक्यातून ओढून घ्या. क्लोरीन असलेलं ब्रेक क्लीनर कधीही नाही. आर्कच्या उजेडात त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू होतो.

#१६ चाळकेवाडीचा_वारा

आमच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही लावल्या. उघड्यावर आर्गन लावून बसू नका, मिगपेक्षा लवकर उडतो. पंखासुद्धा जॉबच्या दिशेने नको.

#१७ कृष्णाकाठ

मशीन आलं, एसी/डीसी, २६ नंबरची टॉर्च. ३ मिमी पट्टीवर आता बऱ्यापैकी डबकं चालतं. पाइपवर मात्र गडबड. शिवणीवर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके, आर्क एका जागी थांबत नाही, आणि पायरीचा जोड पूर्ण करताना शेवटच्या भोकातून धातू बाहेर फुटतो. पाइप स्लायडिंग खिडकीवाल्याकडून आणलाय. पट्ट्या मात्र साध्या पत्र्याच्या होत्या. सेटिंग ७५ अँप, ७० टक्के, १०० हर्ट्झ, ८ लिटर.

#१८ लेथमास्तर

सेटिंग बरोबर आहे. पाइपवरच बिघडतं म्हणजे दोष पाइपमध्येच.

एक, खिडकीचा सेक्शन ॲनोडाइज केलेला असतो. तो थर म्हणजे मुद्दाम जाड केलेलं ऑक्साइड, वीज वाहत नाही. आर्क त्यावर जागा शोधत भटकतो. मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन्ही टोकं हलकेच पाइपवर टेकवा. कंटिन्युइटी दाखवत नसेल तर थर आहे. शिवणीच्या दोन्ही बाजूंना १५ मिमी फ्लॅप डिस्कने काढा, आणि अर्थ क्लॅम्पच्या जागीही. हे विसरलं जातं, आणि मग क्लॅम्पखाली ठिणग्या पडून पाइपला खड्डे पडतात.

दोन, पाइपच्या आतली बाजू. ड्रिल मारलेल्या भोकाच्या आतल्या काठाला कापायचं तेल राहतं, ते उकळून शिवणीत येतं. आत बोळा फिरवा.

तीन, शेवटचं भोक फुटतं कारण पाइप दोन्हीकडून बंद झालाय आणि आतली हवा तापून वाट शोधतेय. पायरीच्या पाइपला आतल्या बाजूने ३ मिमीचं भोक आधीच मारून ठेवा.

#१९ मेणवली

आणि हे बघितल्यावरही ठिपके राहिले तर गळती. टॉर्चच्या मागच्या टोपीची ओ रिंग, रेग्युलेटरचा जोड, गॅसच्या नळीचे क्लिप, सगळीकडे साबणाचं पाणी. सर्वात सोपी चाचणी: स्वच्छ पट्टीवर एका जागी चार सेकंद आर्क धरून सोडा, पोस्ट फ्लो संपेपर्यंत टॉर्च हलवू नका. ठिपका चंदेरी आणि टंगस्टन चकचकीत राहिलं तर गॅस ठीक आहे, घाण जॉबमध्ये आहे. टंगस्टन निळं-काळं झालं तर गॅसमध्ये दोष.

#२० नवशिक्या_विटा

फिलर कोणता? दुकानात ४०४३ आणि ५३५६ दोन्ही आहेत.

#२१ ठिणगी_कराड

५३५६. मजबूत. विषय संपला.

#२२ लेथमास्तर

संपला नाही. ४०४३ मध्ये ५ टक्के सिलिकॉन, पातळ वाहतो, चिरत नाही, नव्या हाताला सोपा. ५३५६ मध्ये ५ टक्के मॅग्नेशियम, जोड जास्त ताकदीचा, दांडा कडक. पण ६५ अंशांच्या वर सतत तापणाऱ्या भागाला ५३५६ लावत नाहीत, कालांतराने ताणाखाली चिरतो. म्हणून इंजिनच्या कव्हरला ४०४३. पेटी, ब्रॅकेट, कॅरियरला ५३५६. नंतर ॲनोडाइज करायचं असेल तरी ५३५६, कारण ४०४३ ची शिवण काळपट राखाडी होते. सराव ४०४३ वर.

फिलरशिवाय ६०६१ किंवा ६०६३ (पाइप-सेक्शनचे मिश्रधातू) जोडू नका, डोळ्यादेखत मधोमध चीर जाते. आणि भंगारातून आलेला ७०७५ किंवा २०२४ असेल तर सोडून द्या. वेल्ड सुंदर दिसतो, थंड झाल्यावर फुटतो.

आता शिडीचं, आणि हे जरा गंभीर आहे. ६०६३-टी६ चा पाइप न जोडलेला २०५ मेगापास्कल ताण घेतो. जोडल्यावर शिवणीजवळच्या पट्ट्यात हिशेबाला ११७ धरतात. वेल्ड कितीही चांगला असो, शेजारचा धातू मऊ झालेला असतो, आणि तो शिवणीपासून इंचभर पसरतो. दुकानातल्या शिडीची पायरी बघा. ती बहुतेक वेळा वेल्ड केलेली नसते, दांड्याच्या भोकातून आरपार घालून दोन्हीकडून फुगवून दाबलेली असते. ते उगाच नाही. २ मिमीच्या दांड्याभोवती गोल शिवण मारली की बरोबर जिथे वजन येतं तिथे दांडा मऊ. शिडी करायचीच तर दांडा ३ मिमी जाडीचा घ्या, पायरी आरपार न्या, शिवण दांड्याच्या रुंद बाजूवर, कडेवर नाही, आणि प्रत्येक पायरीखाली गसेट (कोपऱ्यातली आधाराची पट्टी). माणूस चढणार आहे. पहिली तयार झालेली शिडी दोन टेकूंवर आडवी टाकून मधे वाळूची पोती ठेवा, रात्रभर. सकाळी वाकलेली दिसली तर ती भंगारात.

माझं मत विचाराल तर शिडी विकत घ्या आणि बागेसाठी ट्रे, स्टँड, फवारणीच्या टाकीची चौकट असली कामं वेल्ड करा.

#२३ कृष्णाकाठ

पटलं. शिडी बाजूला. कव्हरचं सांगा.

#२४ ठिणगी_कराड

कव्हर म्हणजे डाय कास्टिंग. धातूतच हवेचे बुडबुडे, आणि वर कित्येक वर्षांचं इंजिन ऑइल मुरलेलं.

आधी बघा ते ॲल्युमिनियमच आहे का. काही कव्हरं मॅग्नेशियमची असतात. हातात फारच हलकी लागतात. आतल्या बाजूला जरा घासून व्हिनेगरचा थेंब टाका. लगेच फसफसलं तर मॅग्नेशियम. त्याचा कीस पेटतो आणि पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. ते काम घेऊच नका.

ॲल्युमिनियम असेल तर: डिटर्जंटच्या गरम पाण्यात धुवा, वाळवा, ॲसिटोन. चिरेची दोन्ही टोकं शोधून तिथे ३ मिमीचं भोक, नाहीतर वेल्ड करताना चीर पुढे पळते. चीर कार्बाइड बरने व्ही आकारात खोदा, जाडीच्या तीन चतुर्थांश. साधं ग्राइंडिंग व्हील नको, ते ॲल्युमिनियमने भरतं आणि आपला चिकट पदार्थ खाचेत सोडतं. मग गॅसच्या ज्योतीने कव्हर तापवा, १२० अंशांपर्यंत. तापताना खाचेतून तेल घामासारखं वर येतं, ते पुसत राहा, दोन-तीन फेऱ्या.

कव्हर सपाट जाड प्लेटवर त्याच्याच बोल्टच्या भोकांतून आवळून ठेवा, नाहीतर गॅस्केटची बाजू वाकेल आणि वेल्ड झाला तरी तेल गळेल. फिलर ४०४३, १५० अँप, बॅलन्स ६५. पहिला थर काळा, फेसाळ येईल. तो तसाच ठेवून वर दुसरा घालायचा मोह होतो. नका घालू. बरने अर्धा खोदून काढा, ब्रश, परत घाला. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी डबकं चमकायला लागतं. थंड होताना राखेत नाहीतर जाड कापडात गुंडाळून ठेवा. पाण्यात बुडवायचं नाही.

तपासायला आतून रॉकेल लावा, बाहेरून खडू. खडूवर डाग आला तर पिनहोल आहे.

#२५ मेणवली

पावसाळ्याचं एक. जुलैत वाई-सातारा पट्ट्यात सकाळी पत्र्यावर हात फिरवला तर ओला लागतो. वितळलेलं ॲल्युमिनियम पाण्यातला हायड्रोजन पितं आणि गोठताना बाहेर टाकतं. शिवणीतली सुईच्या टोकाएवढी भोकं त्याचीच. फिलर बंद पाइपमध्ये ठेवा, झाकण घट्ट. जॉब आदल्या रात्री शेडमध्ये आणून ठेवा म्हणजे शेडच्या तापमानाला येईल. ज्योतीने वाळवताना बघा, ज्योत लावताच पत्र्यावर आधी धुकं धरतं. ते गॅस जळून झालेलं पाणी आहे. धुकं पूर्ण उडून जाईपर्यंत ज्योत फिरवत राहा, मधे थांबलात तर उलट ओलं करून ठेवाल.

काच ११ नंबर, दीडशे अँपला १२. ॲल्युमिनियमचा उजेड परत उसळतो, त्यामुळे मानेच्या खाली, शर्टाच्या वरच्या बटणापाशी कातडी भाजते. गडद रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला. पांढऱ्यावरून उजेड हेल्मेटच्या आत येतो. आर्कमुळे ओझोनही बराच होतो, शेडचं एक दार उघडं ठेवा, पण वारा थेट जॉबवर येणार नाही असं.

#२६ कृष्णाकाठ

स्लायडिंगच्या पाइपचा थर काढला, आतून बोळा फिरवला, ३ मिमीचं भोक मारलं. शिवण चंदेरी आली. त्या पाइपांचा आता शिडीऐवजी द्राक्षाच्या क्रेटसाठी स्टँड करतोय. ते ३ मिमीचं भोक शेवटी बुजवायचं का?

#२७ लेथमास्तर

नको. प्रत्येक पाइपच्या सगळ्यात खालच्या टोकाला येईल असं मारा आणि उघडंच ठेवा. बागेत फवारणीचं पाणी कुठूनतरी आत जाणारच, ते तिथून निघून जाईल.